दोन माणसं, दोन हार

एका गावात एक भोळा गेणू होता. वय तिशीचं झालं तरी लग्नाचं काही जमेना, आणि त्याच्या आईला तर सुनेचा ध्यास लागलेला. गेणू शाळेत पाणी भरायचा. एकदा रांजण भरता भरता त्यानं गुरुजींचा अपूर्णांकांचा धडा ऐकला.

"चार छेद आठ," गुरुजी सांगत होते, "एवढं लांबण कशाला? वर-खाली चारानं भागा. एक छेद दोन. आकडे लहान झाले, किंमत तीच."

गेणूला हे फार पटलं. पसारा कमी आणि किंमत तीच, आणखी काय पाहिजे?

घरी आला तर आई म्हणाली, "शेतात सहा बायका निंदतायत. या बारा भाकरी देऊन ये." गेणूनं सहानं भागलं. एका बाईला दोन भाकरी दिल्या, दहा परत आणल्या. मागोमाग पाच उपाशी बायका भांडायला आल्या.

आईनं कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, खाण्यापिण्याचं भागायचं नसतं."

"बरं, नाही भागत," गेणू म्हणाला.

पुढं देवाच्या दयेनं शेजारच्या गावची मुलगी ठरली. आईला आभाळ ठेंगणं झालं. वऱ्हाडासाठी तिनं शेजारच्या आबांची गाडी मागितली. गेणू जुंपायला गेला. दोन बैल, दोन चाकं. यात खाण्यापिण्याचं तर काही नव्हतं. मग त्यानं दोनानं भागलं. एक बैल सोडला, एक चाक काढलं. गाडी कलंडली आणि आत पेंगत बसलेले मामा शेणात पडले.

"लोकांच्या वस्तूला कशाला हात लावतोस?" आई रडकुंडीला आली. "एवढीच हौस असेल तर स्वतःचं काय ते भाग. आता नीट जा आणि माझी सून घेऊन ये, बाबा."

"बरं, स्वतःचंच भागतो."

चाक बसवून वऱ्हाड गेलं. मुलाचं लग्न आईनं बघायचं नाही अशी त्यांच्यात रीत, म्हणून आई घरीच राहिली. तिकडं गेणूला मारुतीच्या देवळात बसवलं. समोर परडीत दोन हार ठेवले, एक त्याचा, एक नवरीचा. गेणू हारांकडं बघत बसला.

संध्याकाळी आई उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून, ओवाळायला भाकरतुकडा घेऊन उभी होती. समोरून गेणू आला. गळ्यात हार, तोंडभर हसू, आणि एकटाच.

"अरे, सून कुठंय?"

"आई, लग्न माझंच होतं ना? दोन माणसं, दोन हार. दोनानं भागलं. एक माणूस, एक हार. किंमत तीच."

आणि नव्या नवरीनं उजव्या पायानं लवंडायचं ते माप त्यानं स्वतःच लवंडलं, अन् लाजत लाजत घरात शिरला.