भाऊंचा घसा आणि वूफर

जालन्यात गाड्यांना साउंड बसवणाऱ्या यास्मीनभाभींच्या दुकानासमोर बाजार समितीचे सभापती दिनकरभाऊ ढोबळे यांची गाडी पुन्हा थांबली, तेव्हा भाभींनी थकून कपाळाला हात लावला. डिकीतला वूफर, म्हणजे दणदणीत आवाजाचा मोठा स्पीकर, परत जळला होता. भाऊ छोट्याशा अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळायचे. मग आवाज फाटायचा आणि वूफरची कॉइल तापून जळायची. भाभींनी कितीदा समजावलं, पण भाऊ ऐकतील तर शपथ!

"माल डुप्लिकेट आहे तुमचा," भाऊ घोगऱ्या आवाजात खेकसले. "उद्या दुकानाला टाळं लावतो!"

भाभींच्या अंगात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "भाऊ, घशाला काय झालं?"

"कालच्या सभेत माइक बंद पडला. बेंबीच्या देठापासून ओरडत राहिलो, बसला घसा."

"म्हणजे घसाही डुप्लिकेटच निघाला म्हणायचा!"

सोबतचे कार्यकर्ते फिस्सकन हसले. भाऊंनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. अखेर त्यांनी ओशाळून गाडीकडे बोट दाखवलं आणि हातानेच खूण केली, आवाज कमी करून द्या. भाभींनी सुस्कारा सोडला आणि पेचकस घेऊन डिकी उघडली.