निवडुंगाचं माहेर

लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनीही ऐका. पुष्कळ मागची ही गोष्ट. एका नदीच्या वळणावर रंगाऱ्यांचं गाव होतं. तिथे एक म्हातारा रंगारी दोन मुलं आणि दोन सुनांसह राहत होता. सगळे कष्टाळू होते. घर खाऊनपिऊन सुखी होतं.

म्हातारा तरुणपणापासून दर हिवाळ्यात उंटांच्या तांड्याबरोबर दूर वाळूच्या मुलखात कापड विकायला जाई. शेवटच्या खेपेला तो तिथे तापाने पडला आणि तांडा त्याला मागे टाकून निघून गेला. शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीने त्याला आपल्या झोपडीत नेलं, दूध पाजलं आणि पुन्हा पायांवर उभं केलं. निघताना त्याने तिला बहीण मानून स्वतः रंगवलेलं लाल लुगडं दिलं. तिने त्याच्या हातात मातीची एक छोटी कुंडी ठेवली. कुंडीत लिंबाएवढा गोल निवडुंग होता.

"मला लेक नाही, सून नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचं एवढं एक तुझ्या घरी वाढू दे."

घरी आल्यावर म्हाताऱ्याने ती कुंडी दोन्ही सुनांकडे सोपवली. त्याची नजर आता अधू झाली होती. ओट्यावर बसल्या बसल्या तो विचारी, "माझ्या बहिणीचं रोपटं बरं आहे ना?" आणि सुना म्हणत, "बरं आहे, मामंजी."

थोरली सून फार मायाळू होती. तिने कुंडी माजघरातल्या कोनाड्यात ठेवली. तिथे उन्हाची तिरीपही पोचत नसे. पुढचा हिवाळा सरेपर्यंत निवडुंग चांगला बोटभर उंच झाला, आणि थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवू लागली.

धाकटीच्या डोळ्यांना मात्र ते खुपत होतं. निवडुंगाचा खालचा भाग गोल आणि गर्द हिरवा होता, पण वरची नवी वाढ बारीक आणि फिकट होती. काटे विरळ झाले होते. शेंडा दाराकडे कलला होता. हे वाढणं नव्हे, उजेड शोधत ते ताणलं आहे, असं तिने थोरलीला सांगून पाहिलं. थोरलीला वाटलं, ही माझ्या हाताला नावं ठेवते आहे. तिने कुंडी जागची हलवली नाही.

पुढे चैत्रात थोरली माहेरी गेली. तिची पाठ वळताच धाकटीने कुंडी उचलली आणि थेट घराच्या सपाट छतावर, धाब्यावर, भर उन्हात नेऊन ठेवली. तिचाही हेतू वाईट नव्हता. काटेरी झाडाला उन्हाचं कसलं भय, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

थोरली परत आली, तेव्हा कोनाडा रिकामा दिसला. ती धावत धाब्यावर गेली. निवडुंगाची एक बाजू करपलेल्या भाकरीसारखी झाली होती, कोरडी आणि तपकिरी. मग दोघींत जुंपली. आधी रोपट्यावरून, मग स्वयंपाकावरून, मग एकमेकींच्या माहेरावरून. थोरली म्हणाली, तुमच्याकडे माणसंही अशीच भाजत असतील. धाकटी म्हणाली, तुमच्या मायेने ते आधीच अर्धं मेलं होतं.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद झालं. थोड्याच दिवसांत दोन चुली पेटल्या. भाऊ भाऊ आजवर एकाच रांजणात कापड बुडवत होते. तेही आता रंगाचे रांजण वाटून घ्यायची भाषा करू लागले.

म्हाताऱ्याच्या कानावर सगळं येतच होतं. एका सकाळी त्याने दोघींना ओट्यावर बोलावलं आणि कुंडी मांडीवर मागून घेतली. काटे चुकवत त्याने निवडुंग बोटांनी चाचपला. बारीक झालेली मान त्याला लागली. करपलेली खरखरीत बाजूही लागली. दोघींनी मान खाली घातली. आता बोलणी खावी लागणार, असं त्यांना वाटलं.

म्हातारा रागावला नाही. त्याने थोरलीला विचारलं, तुझ्या माहेरचं ऊन कसं असतं? थोरली गोंधळली, मग सांगू लागली. तिचं माहेर पोफळीच्या बागेतलं. तिथे जमिनीवर ऊन उतरतच नाही. कोवळ्या पानवेलीला थोडं जरी ऊन लागलं, तरी ती मान टाकते. तिच्या आईने तिला पहिली शिकवण दिली ती सावली धरण्याची.

मग त्याने धाकटीला विचारलं. तिचं माहेर उघड्या माळावरचं. दूरवर झाड नाही. तिथे जे उन्हात राहतं ते टिकतं आणि जे आत राहतं त्याला बुरशी चढते. तिची आई धान्यापासून अंथरुणापर्यंत सगळं उन्हाला दाखवायची.

इतकी वर्षं एका घरात राहून दोघींनी हे एकमेकींना कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही दोघींनी याला आपापल्या माहेरचं ऊन दिलंत," म्हातारा म्हणाला. "याचं माहेर कुठलं, ते कोणी पाहिलं नाही."

मग त्याने वाळूच्या मुलखात काय पाहिलं होतं, ते सांगितलं. तिथे मोठे निवडुंग उघड्यावर उभे असतात, पण पिल्लं काटेरी झुडपाच्या आडोशाला वाढतात. सकाळचं कोवळं ऊन त्यांना भरपूर मिळतं. दुपारचं झुडपातून गाळून येतं. अंग धरलं की मग ती उन्हाला सरावतात. "आणि हे तर अंधारातून आलेलं," तो म्हणाला. "अंधारातून एकदम वणव्यात कोणीही पोळेल. पण दोष माझाही आहे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

थोरली धाकटीकडे वळून म्हणाली, "ते ताणलंय, हे तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"मीही तुम्हाला न विचारता नेलं, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

दोघींनी मिळून ओट्याची पूर्वेकडची कड निवडली. तिथे सकाळचं ऊन येई. दुपारसाठी थोरलीने विरळ विणीचं एक जुनं कापड काढलं आणि धाकटीने ते दोन काठ्यांना बांधलं. निवडुंग सरावेल तसं ते कापड थोडं थोडं बाजूला सारायचं ठरलं. पण सरावला की नाही, हे दोघींनी बघूनच ठरवायचं. म्हणून सकाळी दोघी ओट्यावर येत आणि दुपारीही येत. रोपट्याबद्दल बोलता बोलता इतर गोष्टीही निघत. असंच एकदा बोलणं लांबलं आणि धाकटीची चूल पेटवायची राहून गेली. त्या दिवशी सगळे थोरलीच्या चुलीवरचं जेवले. पुढे दुसरी चूल कोणी पेटवलीच नाही, आणि रांजण वाटायची गोष्टही मागे पडली.

निवडुंगाचा डाग गेला नाही. बारीक मानही तशीच राहिली. पण तिच्या वर तो पुन्हा गोल, टणक आणि गर्द हिरवा वाढला, कमरेला करदोटा बांधल्यासारखा. पुढच्या वर्षी बुडाशी त्याला पिल्लंही फुटली. म्हाताऱ्याने ती एकेक करून बोटांनी चाचपली आणि त्या दिवशी तो मनापासून हसला.

गावातल्या बाया पिल्लू मागायला येऊ लागल्या. दोघी जावा देत, पण लगेच देत नसत. आधी त्या मागणारीच्या घरी जात, अंगणात उभ्या राहत आणि ऊन कुठे कसं पडतं ते पाहून येत.

तात्पर्य : ज्याला जपायचं, त्याला आपल्याला मानवतं ते नव्हे, त्याला मानवतं ते द्यावं, आणि तेही त्याला सोसेल अशा बेताने.