दोन अक्षरी पत्ता

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मिराशीसाहेबांचा एक हट्ट होता. प्रत्येक फोल्डरवर कंपनीचं, विभागाचं आणि हुद्द्यासकट त्यांचं पूर्ण नाव हवं. फोल्डरात फोल्डर, प्रत्येकावर तीच पाटी. शेवटी फाइलचा पत्ता इतका लांबला की कॉम्प्युटर ती उघडेचना, आणि प्रोग्राम तर संध्याकाळी ग्राहकाला द्यायचा होता.

"सर, नावं छोटी करू या," प्रोग्रामर केतकी म्हणाली.

"छोट्या नावावरून कोण कुठलं ते कळणार कसं?" साहेब गुरकावले.

केतकीने घड्याळ पाहिलं. "जेवायच्या सुट्टीत सांगते."

सुट्टीत सगळे जेवायला जमले. साहेबांचा डबा घेऊन त्यांच्या पत्नी रोजच्यासारख्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो."

खोलीत नवरे पुष्कळ होते, पण मान कुणाचीच वळली नाही. साहेब मात्र बोलणं अर्धवट सोडून दाराशी पोचलेसुद्धा.

"सर," केतकी म्हणाली, "वहिनींनी ना नाव घेतलं, ना हुद्दा. तरी बरोबर माणूस हजर झाला. आपल्या घरात एवढं पुरतं, तसं आपल्या फोल्डरांतही पुरेल."

सगळ्यांत आधी वहिनीच हसल्या.

संध्याकाळी प्रोग्राम झकास चालला. आपल्या फोल्डरचं नवं नाव काय, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी ते ओळखलं होतं.