म्हाळसाबाई पोहायला शिकते

फार जुन्या काळची गोष्ट. नदीवर पूल बांधता येतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या काळी एका नदीकाठच्या गावात म्हाळसाबाई नावाची बाई राहत होती.

तिने जन्मभर राबून संसार उभा केला. मुलगे मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, आणि आलेल्या सुना एकीपेक्षा एक हुशार निघाल्या. तुम्ही म्हणाल, केवढं हे सुख! पण म्हाळसाबाईला चैन पडेना. हाताला काम नाही म्हणून ती उगाच चुलीपाशी जाई, सुनेने मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घाली, आणि मग घरातली माणसं न बोलता तांब्याभर पाणी पीत.

एक दिवस नवरा समजुतीने म्हणाला, "अगं, पुष्कळ केलंस. आता तू नुसती बस."

बिचारा प्रेमानेच बोलला होता. पण ते 'नुसती बस' तिला मिरचीसारखं झोंबलं. ती तडक उठली आणि नदीवर जाऊन बसली.

घाटावर मुलं पाठीला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकत होती. भोपळा त्यांना बुडू देत नव्हता आणि ती मनसोक्त हातपाय मारत होती. म्हाळसाबाई दूरच्या कोरड्या माळरानावरून लग्न होऊन इथे आलेली. या नदीत तिने इतकी वर्षं धुणी धुतली, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. तिला त्या पोरांचा हेवा वाटला. अगदी लहान मुलासारखा हेवा.

घरी येऊन तिने सांगून टाकलं, "मी पोहायला शिकणार."

"या वयात?" नवरा खो खो हसला. थोरली सून घाबरून म्हणाली, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांनाही काहीतरी काम हवंच की," म्हाळसाबाई म्हणाली आणि ठकूआजीच्या घरी गेली.

ठकूआजी म्हणजे नावाड्याची म्हातारी आई. एके काळी अर्ध्या गावाला तिनेच पोहायला शिकवलं होतं. पण गुडघे गेले, चालणं सुटलं, आणि ती खाटेला खिळली. मुलं एकमेकांचं बघून शिकू लागली. आपली आता कुणाला गरज नाही हे आजीच्या मनाने घेतलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि जेवणाचं ताट तसंच परत पाठवी. नावाड्याला आईची फार काळजी लागली होती.

"आजी, पोहायला शिकवाल का?"

"कुणाला? नातवाला?" आजी भिंतीशीच बोलली.

"मला."

आजीने कूस बदलली. कितीतरी दिवसांनी तिने आल्यागेल्याचं तोंड पाहिलं. "वय काय गं तुझं?"

"पन्नाशी उलटली."

"मग पोरच आहेस अजून! उद्या काष्टा घट्ट मारून ये."

सकाळ होताच नावाड्याने आईला खाटेसकट घाटावर आणून ठेवलं. म्हाळसाबाईने पाठीला भोपळा बांधला, ती पायऱ्या उतरली, कमरेइतक्या पाण्यात पोचली आणि तिथेच लाकडासारखी ताठ झाली. पायरीवरचा हात काही सुटेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. काठावरची पोरं खिदळू लागली.

"हात सोड गं बाई, भोपळा आहे ना!" आजी कडाडली.

म्हाळसाबाईचाही तोल गेला. "खाटेवर बसून ओरडायला काय जातंय? तुम्ही पाण्यात असाल, तरच मी हात सोडीन!"

आजीचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, "मला का नको वाटतं पाणी? जीव तुटतो माझा. पण पोत्यासारखं उचलून न्यावं लागेल मला. ज्यांना मी पोहायला शिकवलं, त्यांच्यासमोर असं जायची लाज वाटते."

म्हाळसाबाईला वाईट वाटलं. ती निथळत वर आली आणि आजीपुढे पाठ करून बसली. "सगळं गाव मला हसतंय, तरी मी रोज येतेच ना? या, बसा पाठीवर. हसतील तर दोघींना हसतील."

तिने भोपळा पुढे, पोटाशी फिरवून घेतला आणि आजीला पाठुंगळी मारलं. एकेक पायरी जपून उतरू लागली. आजीला सांभाळण्याच्या नादात ती कमरेच्या पुढे गेली, छातीपर्यंत गेली, आणि भ्यायचं विसरूनच गेली. पाठीवरचं ओझं मात्र हलकं हलकं होत गेलं. मग एकदम ते नाहीसंच झालं.

आजी पाण्यावर तरंगत होती! जमिनीवर जे पाय तिचा भार पेलत नव्हते, ते पाण्यात माशाच्या शेपटीसारखे हलत होते. दात नसलेलं तोंड उघडून आजी लहान मुलीसारखी हसत सुटली. "अगं म्हाळसे, मला येतंय अजून! ये, ये इकडे!"

आणि म्हाळसाबाई गेली. हातपाय वेडेवाकडे मारत, नाकातोंडात पाणी घेत, पण गेली. काठावरची पोरं आता टाळ्या वाजवत होती. त्या दुपारी आजीने ताटातली भाकरी संपवली आणि वर आणखी मागितली.

काही दिवसांनी म्हाळसाबाई भोपळ्याशिवाय पोहू लागली. मग शेजारणी आल्या. विहिणी आल्या. सगळ्यात आधी काष्टा मारून आली ती थोरली सून! आजीला रोज पाण्यात न्यायला बायकांमध्ये चढाओढ लागली.

एका सकाळी म्हाळसाबाईचा नवरा घाटावर आला. काखेत भोपळा, मान खाली.

"अगं, मला... म्हणजे मलाही शिकवशील का?"

म्हाळसाबाई बघतच राहिली. नदीकाठी जन्मलेल्या आपल्या नवऱ्याला पोहता येत नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात त्या दिवशी कळलं.

पाण्यातून आजी ओरडली, "लहानपणी मी शिकवायला घेतलं, तेव्हा पळून गेला होता लबाड! म्हाळसे, याला तूच शिकव आता. आणि बरं का, याला नुसतं बसू देऊ नकोस!"

बाळांनो आणि आजीआजोबांनो, एवढंच ध्यानात ठेवा: शिकायला आणि शिकवायला वय आड येत नाही, आड येते ती लाज, आणि सोबत मिळाली की तीही पळून जाते.