हातबांध्या धोंडा

पठाराच्या तोंडाशी ह्यो काळा उभा धोंडा दिसतोय ना, त्याला हातबांध्या म्हणत्यात. हसू नका, पावणं. हसणारं लय बघितल्यात मी. आधी ऐका.

आमच्या पणज्याच्या वक्ताची गोष्ट. बटाटा पठारावर नुकता आला व्हता. हितली हवा त्याला मानवली. दिवसा कोवळं ऊन, रात्री गारठा, पाणी साचत नाय. पाला गुडघ्याला लागायचा आन् खाली बटाटा पोसायचा. त्या साली मातर भादव्यात धुकं बसलं ते उठंचना. ऊन नाय, वारा नाय. पानं दिसभर टिपकत राह्यली.

हैबती म्हणून एक गडी व्हता. डोकं तापट, पण कुणाच्याबी अडीनडीला पहिला धावायचा. त्याच्या रानात पानांवर काळं डाग पडलं. त्याला वाटलं, दवानं पान जळतंय. मग भावाला घेतला, लांब दोराची दोन टोकं दोघांनी धरली आन् पाल्यावरनं दोर ओढत नेला. दव झडलं. लोकांनी बघितलं, म्हणाली, "हैबती, आमच्याबी रानात फिरीव." तो फिरला. ह्या रानातनं त्या रानात, त्योच वला दोर.

ठकूबाई म्हणून एकटी बाई व्हती, ती बांधावर आडवी आली. "माझ्या रानाला काय झालं नाय. तू नगं येऊ."

"म्हातारे, तुला काय कळतंय? उद्या रडत येशील." आन् घुसलाच. वढ्यापल्याड तिचा एक तुकडा व्हता, तिथंवर तेवढा गेला नाय.

बघता बघता पठार काळं पडलं. उकळतं पाणी वतल्यागत पाला बसला. कुजका वास चुलीपातुर यायचा म्हणं. उकरलं तर बटाट्यात बोटं रुतायची. हिरवा राह्यला तो वढ्यापल्याडचा ठकूबाईचाच एक तुकडा. तिथं दोर गेला नव्हता. हैबतीनं ते बघितलं आन् त्याला कळलं, रोग आपल्या दोरानंच रानोरान नेला, असं सांगत्यात.

पुढच्या सालाला बियाणं म्हणून आता तेवढाच तुकडा. धुकं तर तसंच. हैबतीला दम निघंना. वढ्यापातुर जायचा, परत यायचा. कायतरी करावं वाटायचं, पण करायला जाईल त्यानं नासंल. शेवटी ह्या धोंड्याजवळ त्यानं ठकूबाईपुढं हात धरलं.

"बांध."

"आन् जेवशील कसा?"

"तू भरीव. नाय भरवलंस तरी चालंल."

"भरवीन. पर म्हातारे म्हणलास तर घास डोळ्यात जाईल."

तिनं हात बांधलं आन् शेजारी बसली. दोघं बघत राह्यली. एका सकाळी त्या तुकड्यावरबी डाग दिसला. दोर नाय, पाय नाय, हवेवरच आला असंल. हैबती उठाय लागला. ठकूबाईनं त्याचा खांदा दाबून धरला. "आता बस."

त्या तुकड्यातनं कुणी म्हणतं पाटीभर बियाणं हाताला लागलं, कुणी म्हणतं वंजळभर.

आजही धुकं बसलं की पठारावरचं कुणी रानात पाय घालत नाय. औषधं आल्यात, पण धुक्यात फवारलं तर धुऊन जातंय. घरटी एक माणूस हितं येतो, शेजाऱ्याकडनं हात बांधून घेतो. गुण येतो का, इचारू नका. कवा वाचतं, कवा जातं. धुकं जरा इरळ झालं की हितनं समदी रानं दिसत्यात. ज्याचं काळं पडाय लागलं, त्याला ते बसल्या जागी दिसतं. बाजूची माणसं जरा सरकून त्याच्याजवळ बसत्यात.