पिंगीचं पोट

तळ्याकाठी अजून एकही गाव वसलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. हिवाळा काढायला आलेले हंस परतीच्या तयारीला लागले होते. बर्फाचा डोंगर ओलांडून त्यांना घरी जायचं होतं. निघण्याआधी दोन महिने पोटभर चरायचं, हा त्यांचा रिवाज.

तरुण पिंगीनं मात्र चरणं सोडलं. पाण्यात तिला आपलं गोल पोट दिसलं आणि शेजारी सडपातळ बगळा. हलकं असलं की लांब उडता येतं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं.

आठव्या दिवशी तळ्याला एक फेरी मारतानाच तिला धाप लागली. थव्याची म्होरकी भागामावशी जवळ आली.

"पिंगे, तो बगळा कुठं निघालाय गं?"

"या झाडावरून त्या झाडावर."

"आणि तू?"

पिंगीनं उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगराकडं पाहिलं. मग ती कोवळ्या गवतात शिरली.

थवा निघाला तेव्हा तिचं पोट पुन्हा गोल झालं होतं. डोंगरावर वारा बोचत होता, श्वास पुरत नव्हता. तरी आतून कसलीशी ऊब येत राहिली आणि पंख हलत राहिले. सूर्य उगवला, तेव्हा सगळी शिखरं तिच्या पायाखाली होती.

पलीकडच्या तळ्यात उतरल्यावर पाण्यात पिंगीला आपलं सडपातळ रूप दिसलं. पण ती मागं वळून त्या पांढऱ्या डोंगराकडंच बघत राहिली.

"मावशी, एवढा डोंगर माझ्या पोटात मावला होता?"

मावशीनं ओलं गवत तिच्यापुढं सरकवलं. "खा आता. हिवाळ्यात परत हाच डोंगर आहे."