उंबऱ्यावरचा फोटो

“...मग या फोटोत कमी काय आहे, एवढंच सांगा ना बाबा.”

तीन दिवस तोच प्रश्न. मी दुधाची किटली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. डोंगरावरच्या या लेण्यात गिरीबाबा राहतात. गोसावी माणूस, बोलणं कमी. रोज सकाळी मी त्यांना दूध पोचवतो.

विचारणारे होते दिवाकर लोटलीकर. मोठे फोटोग्राफर. चौकट हा त्यांचा हातखंडा. म्हणजे देऊळ काढायचं तर नुसतं नाही, कमानीतून काढायचं. गाव काढायचं ते फांद्यांमधून. एकदा म्हणे बैलाच्या शिंगांमधून सूर्य काढला. बैल कंटाळला, हे नाही कंटाळले.

भाद्रपदातली सकाळ होती. ढग डोंगराला टेकले होते, आणि आपलंच घर असल्यासारखे लेण्यात येत होते. आत आलेला ढग दिसत नाही, नुसता गालाला लागतो. छतातून थेंब टपकत होते. आपण जागे आहोत की अजून अंथरुणात, तेच मला कळेना.

“चौकट चुकली का?” लोटलीकरांनी विचारलं.

“चौकट सुरेख आहे,” बाबा म्हणाले.

“स्पर्धेचे परीक्षकही तेच म्हणाले. पहिला नंबर दिला. पण मला तो फोटो बघवत नाही हो...”

बाबांनी फोटो हातात घेतला. मीही मान लांब करून पाहिलं. एक दार. बाहेर धुकं. उंबऱ्यावर एक तरुण मुलगी, हातात पिशवी, तोंडावर अर्धाच उजेड.

“कोण ही?”

“चारू. माझी मुलगी.”

“येतेय की जातेय?”

लोटलीकरांनी फोटोवर पडलेला थेंब बाहीनं पुसला.

“आली होती,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी, गौरी आल्या त्या दिवशी. तीन वर्षांनी.”

“तीन वर्षं का लागली तिला?”

“तिनं तिच्या मनानं लग्न केलं. मीच म्हणालो होतो, पुन्हा या घराचा उंबरठा चढू नकोस.”

“तरी चढली.”

“चढली.”

“मग?”

लोटलीकरांचा चेहरा एकदम उजळला. “मागे धुकं, दाराची चौकट, आणि त्यात ती... बाबा, असा उजेड आयुष्यात एकदा मिळतो! मी म्हणालो, थांब. तिथंच थांब, हलू नकोस. आणि कॅमेरा आणायला आत पळालो.”

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा उंबऱ्यावर उभं ठेवत नाहीत. सणाला आलेल्या लेकीला तर नाहीच नाही. तिच्या पायावर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि हाताला धरून आत घेतात.

“किती वेळ उभी होती?” बाबांनी विचारलं.

“लेन्स बदलायला लागली... पाच-सात मिनिटं. नऊ फोटो काढले. मग कसे आलेत ते खाली मान घालून बघत होतो. वर बघतो तर दार रिकामं.”

“आता कुठं असते?”

“असते लांब. पण सणाला मावशीकडे आलीय, इथंच खाली गावात. आज संध्याकाळच्या एसटीनं जाणार.”

“आणि तू तीन दिवस माझ्याकडे.”

“आधी कळायला नको का, फोटोत चुकलं काय ते?”

शिकलेला माणूस! मला असा राग आला की किटली तिथंच टाकून निघून जावं.

बाबा उठले. अंगावरची घोंगडी काढून माझ्याजवळ ठेवली आणि उघड्या अंगानं लेण्याच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आमच्याकडे तोंड करून.

काळ्या दगडाचं दार, त्यात पांढराशुभ्र ढग, आणि मधोमध म्हातारा. ढग त्यांच्या पायांवरून वाहत होता, त्यामुळे पाय दिसतच नव्हते. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा बघतच राहिलो.

लोटलीकरांचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

“बाबा... तिथंच थांबा. हलू नका.”

बाबा थांबले.

कॅमेरा डोळ्याला लागला. लोटलीकर एक पाऊल मागे गेले, जरा डावीकडे सरकले, गुडघ्यावर बसले. मी घोंगडी घेऊन उठलो, तर बाबांनी नजरेनंच मला खाली बसवलं.

वेळ गेला... बाबांचे हात थरथरायला लागले. मग ओठ. दाढीतून पाणी गळायला लागलं. ते काही मागत नव्हते. नुसते आत बघत होते.

फोटो काढल्याचा आवाज मला ऐकू आलाच नाही.

कॅमेरा हळूहळू खाली आला. लोटलीकरांच्या डोळ्यांना धार लागली होती. एवढा मोठा माणूस, गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. मला त्यांची फार दया आली.

“बाबा...” त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. “बाहेर गारठा आहे. आत या... आत या ना.”

बाबा जागचे हलले नाहीत.

“मी इथंच राहतो रे,” ते म्हणाले. “मला बोलवावं लागत नाही.”